टाळूचं बूच

अंकासाठी लिहा म्हणून संपादकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, माझ्याकडूनच का? माणूस गोड बोलून काही मागायला लागला की मला शंका येते. ते म्हणाले, दातांचे डॉक्टर दरवर्षी लिहितात, यंदा डॉक्टरांच्या मागचा माणूस हवाय. मी म्हणालो, मागचा माणूस मागेच बरा, पुढे आला की डॉक्टरांना सोसत नाही. ते नुसते हसले. हसून विषय टाळणारा माणूस मला पटत नाही, पण लिहितोय. शाळा पाचवीत सुटली. शुद्धलेखन त्यांनी बघून घ्यावं, शब्द मात्र बदलू नयेत.

मी कवळ्या करायचो. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या पोटमाळ्यावर आमची लॅब होती. लॅब म्हटलं की लोकांना पांढरे कोट दिसतात. आमच्याकडे पांढरं काही असेल तर ते प्लास्टर, आणि ते केसांपासून चपलांपर्यंत सगळीकडे. काम असं, की डॉक्टर पेशंटच्या तोंडात लगदा भरलेला ट्रे दाबून धरतो. लगदा घट्ट झाला की ते माप पिशवीत घालून आमच्याकडे येतं. आम्ही त्यात प्लास्टर ओतायचं, म्हणजे पेशंटचं तोंड टेबलावर हजर. त्यावर मेणाची कवळी बांधायची, मेणात दात लावायचे, मग उकळत्या पाण्याने मेण घालवून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक दाबायचं. घासायचं, चमकवायचं, डॉक्टरकडे पाठवायचं. पेशंटने आम्हाला बघायचं नाही, आम्ही पेशंटला बघायचं नाही. पेशंटला काय झालंय, ते डॉक्टर आम्हाला सांगणार नाही आणि आम्ही विचारणार नाही. हा धंद्याचा रिवाज. कित्येक माणसं रस्त्यात माझे दात घालून माझ्या शेजारून गेली असतील, मला पत्ता नाही.

या धंद्यात संशय नसेल तर माणूस एक दिवस टिकत नाही. माप घेताना लगद्यात हवेचा फुगा राहिला तर प्लास्टरवर तिथे गाठ येते. ती गाठ खरी हिरडीची की हवेची, हे ओळखायचं. खरी समजून काम केलं तर कवळी तिथे पोकळ राहते. खोटी समजून खरडली तर पेशंट जेवताना बोंब मारतो. डॉक्टरला विचारावं तर तो म्हणणार, माझं माप चुकत नाही. म्हणून मी प्रत्येक गाठीकडे चोराकडे बघावं तसा बघायचो.

आणि आमचं काम सगळं पोकळीचं. आमच्याकडे पोकळी भरीव होऊन येते आणि भरीव असेल ते पोकळ होऊन येतं, कारण माप उलटं असतं. पोकळ्यांची नावं मी ऐकून ऐकून शिकलो. दात किडून भोक पडलं की डॉक्टर म्हणतात कॅव्हिटी. मोहरीएवढं भोक असलं तरी कॅव्हिटी. आख्खं तोंड, तेही कॅव्हिटी, ओरल कॅव्हिटी. नाकाची पोकळी कॅव्हिटी, छातीची कॅव्हिटी, पोटाचीही कॅव्हिटीच. मोहरीला आणि पोटाला एकच शब्द वापरणाऱ्या लोकांवर किती विश्वास ठेवायचा, तुम्हीच सांगा. दाताच्या आत नस राहते ती पल्प चेंबर. दात उपटल्यावर हाडात खड्डा राहतो तो सॉकेट. आणि वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या हाडात, एक रिकामी खोली असते, ती सायनस. तिच्यात हवा असते, दुसरं काही नाही. देवाने ती कशाला ठेवली, मी बऱ्याच डॉक्टरांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं, म्हणजे कोणालाच माहीत नाही.

लॅबचा फोन माझी बायको विमल घ्यायची. मी घ्यायचो तेव्हा गिऱ्हाईक तुटायचं. ती दहावी शिकलेली, वाचायला पटाईत आणि माझ्यापेक्षा जास्त संशयी, फक्त आवाजात साखर. एकदा एका डॉक्टरांनी तक्रार केली, पेन्शनर गृहस्थ आहेत, कवळी दवाखान्यात घट्ट बसते आणि घरी गेली की सैल होते. डॉक्टर म्हणाले लॅबचा दोष, मी म्हणालो मापाचा दोष. दुसरी कवळी केली, तीही तशीच. भांडण पेटलं. विमलने सरळ त्या गृहस्थांच्या घरी फोन लावला, जे रिवाजात बसत नाही, आणि त्यांच्या बायकोशी बोलली. कवळी ठेवता कशी, धुता कशी, असं गोड गोड विचारत गेली. तेव्हा कळलं, त्या बाई रोज कवळी पातेल्यात उकळवायच्या. स्वच्छता. उकळलं की ॲक्रिलिक वाकतं. विमल म्हणाली, "काकू, चहा काकांना द्या, कवळीला नुसतं गार पाणी पुरतं." पुन्हा तक्रार आली नाही. डॉक्टरांनी मात्र माफी मागितली नाही. सदाशिव पेठेत माफी मागायची पद्धत नाही.

लॅब बंद करून आम्ही कात्रजच्या घरी राहायला लागलो. थोडी हत्यारं मी घरी आणली होती, छोटी मोटर, घासायचे दगड, उरलेलं प्लास्टर. विमल म्हणायची, हे भंगार गेल्याशिवाय तुम्ही रिटायर झालात असं मी मानणार नाही.

मग तिची उजवीकडची वरची दाढ हलायला लागली. दाढेला कीड नाही, हिरडीला पू नाही, आणि दाढ हलते. मला तेव्हाच आवडलं नव्हतं. दाढ काढली. खड्डा भरून यायला हवा होता, तो आला नाही. एक दिवस चहा पिताना चहा तिच्या नाकातून आला. समोर शेजारीण बसली होती. विमलने पदराने नाक पुसलं, सर्दी झालीय म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती कोणासमोर चहा प्यायली नाही. डॉक्टर म्हणाले, सॉकेट सायनसमध्ये उघडलंय, बंद होईल. मी म्हणालो, बंद व्हायचं असतं तर झालं असतं. मग वाघोलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो आणि तिथे कळलं. त्या रिकाम्या खोलीत गाठ वाढत होती. रिकाम्या घरात कोणी येऊन राहिलं तर शेजाऱ्याला कळत नाही, तसं झालं.

हॉस्पिटलात एक माहितीपत्रक दिलं होतं, मराठीत. विमल ते वाचून दाखवत होती. मुखगुहा, नासागुहा, अस्थिविवर. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "अहो, गुहा काय म्हणतात? तोंडात माझ्या वाघ बसलाय की काय?"

मी म्हणालो, "लग्न झाल्यापासून बसलाय."

हसली. ऑपरेशनच्या आधी ते तिचं शेवटचं नीट हसणं.

वरच्या जबड्याची उजवी बाजू काढली, टाळूसकट. आता तोंड आणि नाक एकच झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टाळूला भोक असलं की माणसाला बोलता येत नाही. प आणि ब म्हणायला तोंडात वारा कोंडावा लागतो, तो नाकातून निघून जातो. सगळे शब्द गुणगुणल्यासारखे होतात. जेवलेलं वर जातं, पाणी नाकातून येतं. जिच्या आवाजावर आमचं घर चाललं, ती पाटीवर लिहून पाणी मागायला लागली.

यावर उपाय असतो, आणि तो माझ्या धंद्यातला आहे. कवळीलाच वर एक गोळा जोडतात, तो भोकात जाऊन बसतो आणि भोक बंद करतो. डॉक्टरांचं नाव ऑब्च्युरेटर. आम्ही बूच म्हणतो. गोळा आतून पोकळ ठेवावा लागतो, नाहीतर वजनाने खाली येतो. म्हणजे पोकळी बुजवायला पोकळीच.

तिथल्या दातांच्या मॅडम तरुण होत्या. मी म्हणालो, बूच मी करणार. त्या म्हणाल्या, काका, घरच्याचं काम घरच्याने करू नये. मी ओळखलं, यांची लॅब ठरलेली असणार. मी हटून बसलो. शेवटी माप माझ्या हातात दिलं. पिशवीतून माप काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ठाऊक होतं की हे कोणाचं तोंड आहे. टाळू असायचा तिथे लगद्याचा केवढा तरी उंचवटा वर आला होता. ते सगळं तिच्यातून गेलेलं होतं.

बूच बसवलं त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, काहीतरी बोला. विमलने जीभ फिरवली, गिळून बघितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढचे दात मोठे झालेत."

मोठे नव्हते. मी अजून सांगतो, नव्हते. पण प आणि ठ दोन्ही स्वच्छ आले होते. मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या आणि मी भिंतीकडे तोंड करून ट्रे पुसत बसलो.

घरी आल्यावर ती आधी कात्रजच्या कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेली. मी मागून पिशवी घेऊन. मेथीवाल्याशी इतकी भांडली की तो म्हणाला, मावशी, बऱ्याच दिवसांनी आलात, तरी तोंड तेच आहे. ती फुशारकीने घरी आली. तिला दुसरं काही नको होतं. भांडता यावं, फोनवर बहिणीची उणीदुणी काढता यावीत आणि चारचौघांत चहा पिता यावा, एवढंच. आणि तेवढं माझ्या बुचावर होतं.

काही महिन्यांनी बूच टोचायला लागलं. यावर आमची रीत अशी, की बुचाला पांढरी पेस्ट लावायची, तोंडात बसवायचं, काढायचं. जिथे मांस दाबतं तिथली पेस्ट पुसली जाते आणि खालचं गुलाबी दिसतं. तेवढंच घासायचं. मी खिडकीशी बसून घासायचो. ती बसवून बघायची आणि म्हणायची, बरं आहे. पुन्हा थोड्या दिवसांनी टोचायचं. पुन्हा पेस्ट, पुन्हा गुलाबी ठिपका. त्याच जागी, मागच्या बाजूला वर.

मला संशय आला आणि मी तो सगळ्यांवर घेतला. आधी ॲक्रिलिकवर. माल जुना होता, फुगला असेल. दुकानदाराला फोन करून शिव्या घातल्या. मग मापावर, मॅडमनी घाईत घेतलं असेल. मग माझ्या मोटरवर. पण धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. एकाच जागी पुन्हा पुन्हा घासावं लागत असेल तर दोष कवळीचा नसतो. कवळी वाढत नाही. हे मला माहीत होतं आणि मी घासत होतो. विमललाही माहीत होतं, कारण हेच वाक्य तिने माझ्या वतीने कितीतरी डॉक्टरांना फोनवर ऐकवलेलं. ती बसवून बघत होती आणि बरं आहे म्हणत होती. आम्ही दोघं संशयी, आणि दोघं गप्प.

त्याच सुमाराला तिचं वाघोलीला बहिणीकडे जाणं वाढलं. कात्रजहून वाघोली म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बस बदलून. आजारी बाई, आणि एकटीच जाणार. मी येतो म्हटलं की म्हणायची, तुम्ही आलात की तिच्या नवऱ्याशी वाद घालता. ते खरं होतं, म्हणून मी थांबायचो.

एका दुपारी ती बहिणीकडून आली. बूच दुखतंय म्हणाली, काढून माझ्या हातात दिलं. मी सवयीने नाकाशी नेलं. लवंगेचा वास. दवाखान्यात मापाची जी पेस्ट वापरतात तिला लवंगेच्या तेलाचा वास असतो. माझ्या घरच्या पेस्टला वास नाही. आणि लवंग चावायची तिची सोय राहिली नव्हती.

मी विचारलं, "बहीण बरी आहे?"

बूच माझ्या हातात, म्हणून तिने मान हलवली.

"तोंडात लवंगेचं तेल लावते का तुझी बहीण?"

तिने हात पुढे केला, बूच मागितलं. मी दिलं. तिने ते धुतलं, बसवलं, पदर नीट केला. न बसवता बोलली असती तरी मला कळलं असतं, मला तिचं गुणगुणणंही समजायचं. पण तिला नीट बोलायचं होतं.

"परत आलंय," ती म्हणाली. "मॅडमनी तपासलं. आता काढायचं तर डोळा जाणार, आणि डोळा देऊनही खात्री नाही म्हणतात. मी नको म्हणाले."

"मला विचारायचं नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घासायचं थांबवलं असतं. भांडत सुटला असता सगळ्यांशी. मग मी बोलले कशी असते?"

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच गेलो. तिला न सांगता वाघोली गाठली, मॅडमच्या खोलीत दार न वाजवता शिरलो. म्हणालो, तुम्ही माझ्या बायकोशी संगनमत केलंत. ती नको म्हणाली की तुम्ही तिच्याकडून नको म्हणवून घेतलंत? मॅडमनी खुर्ची दिली, मी बसलो नाही. त्या म्हणाल्या, "काका, त्या पूर्ण शुद्धीत, सगळं विचारून नको म्हणाल्या. आणि कोणालाही सांगू नका म्हणाल्या. पेशंट त्या आहेत. तुम्ही इथे लॅब आहात."

लॅबला सांगायचं नाही, हा रिवाज मी जन्मभर पाळला होता, आणि घरच्याचं काम घेऊ नका असं त्यांनी आधीच बजावलं होतं. तरी त्यांच्यावरचा माझा संशय गेला नाही, आजही गेलेला नाही. डोळा जाईल असं सांगताना त्यांचा चेहरा कसा होता, आवाज कसा होता, मला माहीत नाही. नको म्हणावं अशाच तऱ्हेने विचारता येतं. मी स्वतः गिऱ्हाइकांना तसं विचारलंय. पण हेही सांगतो, विमलकडून तिच्या मनाविरुद्ध कोणी नको म्हणवून घेतल्याचं माझ्या बघण्यात नाही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अजून भांडतात.

घरी आलो तर ती ओट्याशी उभी. कुठे गेला होतात विचारलं नाही. बूच काढून दिलं आणि बोटाने खूण केली, अजून थोडं. मी खिडकीशी बसलो. गोळ्याची भिंत इतकी पातळ झाली होती की उजेडात धरली तर आतली पोकळी दिसत होती. आता घासू नये असं कोणीही सांगितलं असतं. मी दगड टेकवला. आरपार गेला. बारीकसं भोक, दात किडतो तेव्हा पडतं तेवढं.

ती बाजूला येऊन उभी राहिली. मी भोक दाखवलं. म्हणालो, संपलं, हे आता पाणी धरेल, कुजेल, उपयोगाचं नाही. तिने बूच हातात घेतलं, उलटसुलट केलं, खिडकीच्या उजेडाकडे धरून त्या भोकातून आत बघितलं. मग नाकातल्या त्या आवाजात, जो फक्त मला समजायचा, म्हणाली, "मग लहान करा की. जागा कमी झालीय, बूच लहान."

माप मीच घेतलं. रिवाज मोडून मी तिच्या तोंडात बघितलं. काय दिसलं ते इथे लिहीत नाही. लहान बूच केलं. तिने ते घालून बहिणीला फोन केला आणि नेहमीसारखी उणीदुणी काढली. नंतर त्याहून लहान केलं. मग त्याहून. खोली भरत चालली होती, तरी कडेने फट राहायचीच, आणि फट आहे तोवर पाणी नाकातून येणार. तिने शेवटपर्यंत भाजीचे भाव विचारले. जायला जमेना तेव्हा मेथीवाल्याला फोनवर.

शेवटच्या बुचाचा गोळा सुपारीएवढा होता. ते घालायची ताकद तिला उरली नव्हती, आदल्या दिवसापासून काढून वाटीत ठेवलं होतं. दुपारी श्वास लांबायला लागला. बहीण, तिचा नवरा, शेजारणी, सगळे जमले. कोणीतरी गंगाजलाची कुपी आणली, तुळशीचं पान आणलं. बहीण चमच्यात पाणी घेऊन पुढे झाली.

मी म्हणालो, थांबा. सगळे बाहेर व्हा.

साडू म्हणाला, अहो, ही काय वेळ आहे का? मी म्हणालो, हीच आहे. त्यांना वाटलं असेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, किंवा उशाखालचं काही काढायचंय. नातेवाईकही संशयी असतात, मला त्याचं काही वाटत नाही. मी दार लावलं. वाटीतलं बूच धुतलं, ओठांच्या कोपऱ्याला पाणी लावलं, आणि हळूच वळवून टाळूत बसवलं. अंगठ्याने दाबून बघितलं. हललं नाही. तिने डोळे उघडले नाहीत, पण जीभ एकदा वर टेकवून बघितली, नवीन काम तपासावं तशी.

मग दार उघडलं. बहिणीने गंगाजल घातलं. मी तिच्या नाकाकडे बघत उभा होतो. थेंबभरही आलं नाही. सगळं आत गेलं.

सगळं झाल्यावर साडूने मला बाजूला घेऊन विचारलं, दार लावून काय करत होतात?

मी म्हणालो, काम होतं.